ताण तोडायचं पाणी

बाबांनी पाणी प्यायचं सोडलं, असं वहिनीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी आधी चिडले. माझा स्वभावच तसा आहे. काळजी वाटली की पहिल्यांदा राग येतो आणि तो समोर असेल त्याच्यावर निघतो. मी म्हटलं, सोडलं म्हणजे काय, पाणी काय तंबाखू आहे सोडायला?  ती बिचारी हळूच म्हणाली की कालपासून एक घोट गेलेला नाही, भाकरीचा तुकडा कोरडाच चघळतात आणि थुंकून देतात, तोंडापाशी पेला नेला की ओठ घट्ट मिटतात. मे महिना होता. मलकापुरात दुपारच्या वेळी रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. मी एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. त्या वयाच्या माणसाच्या पोटात पाणी गेलं नाही तर काय होतं आणि किती लवकर होतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

सुट्टी मागितली, पिशवीत सलाईनच्या बाटल्या, सुया आणि चिकटपट्टी टाकली आणि जळगाव जामोदची गाडी पकडली. स्टँडवर पाण्याची एक बाटली घेतली होती. तिच्यातलं पाणी घोटघोट पिताना मनाला टोचत होतं, म्हणून अर्ध्यावर झाकण लावून ती पिशवीत ठेवली. खिडकीबाहेर नांगरून पडलेली शेतं होती, कुठे कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीचे ढीग, आणि दूर उत्तरेला उन्हानं पांढुरका झालेला सातपुडा. आमचं गाव त्याच्या पायथ्याशी आहे. लहानपणी या रस्त्यावर डोंगर जवळ आला की हवा बदलायची, संत्र्याच्या बागा सुरू व्हायच्या, आणि डोळे मिटून बसलं तरी वासावरून गाव आलं हे कळायचं. आता एखादीच बाग दिसते, आणि तिच्या बाजूला शेततळ्याचा काळा कागद चमकत असतो.

बाबा आता नाहीत. ही त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्याची गोष्ट आहे. पण त्या घराकडे पाहताना मला ते गेल्यासारखे वाटत नाहीत. त्यांचं काहीतरी आमच्या शेतातल्या विहिरीपाशी अडकून राहिलं आहे, असं वाटत राहतं. मी दवाखान्यात काम करते, बरेच मृत्यू डोळ्यांदेखत पाहिले आहेत, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी हे वाटायचं थांबत नाही.

मी पोचले तेव्हा बाबा ओसरीतल्या बाजेवर भिंतीला टेकून बसले होते. ओठांना चिरा पडल्या होत्या. मी हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, त्यामुळे त्यांना उजेड आणि सावली एवढंच दिसायचं. पण आवाजावरून त्यांनी मला ओळखलं आणि कधी आलीस म्हणून विचारलं. विसरण्याचा आजार त्यांना जडून काही वर्षं झाली होती. कधी ते मला ओळखायचे, कधी स्वतःची आत्या समजायचे. त्या दिवशी ओळखलं, म्हणून मला वाटलं काम सोपं आहे.

मी पेला पुढे केला. त्यांनी तोंड फिरवलं.

"बाबा, पाणी काऊन नाई पेऊन राह्यले तुमी?"

"झाडं ताणावर हायेत," ते म्हणाले. मला एवढंही कळू नये, याचं त्यांना नवल वाटलेलं दिसलं.

मागे चुलीपाशी बसलेल्या आईनं पदर तोंडाला लावला. आमच्या शेतात संत्र्याचं एकही झाड उरलेलं नव्हतं.

संत्र्याला बहार आपोआप येत नाही, तो धरावा लागतो. त्यासाठी झाडाचं पाणी मुद्दाम बंद करतात. त्याला ताण देणं म्हणतात. महिनाभर, कधी त्याहून जास्त, झाड तहानलेलं ठेवायचं. पानं वळतात, पिवळी पडतात, थोडी गळतात. झाडाला वाटतं, आपलं आता काही खरं नाही. मग नेमक्या वेळी हलकं पाणी सोडायचं की ते जीव एकवटून फुलतं. त्या पाण्याला ताण तोडायचं पाणी म्हणतात. सगळं कसब त्या नेमक्या वेळेत असतं. कमी ताण दिला तर फूल येत नाही, जास्त दिला तर झाड जातं.

आमच्या शिवारात बऱ्याच घरी एक रीत होती आणि बाबा ती कडक पाळायचे. ज्याच्या हातानं ताण तोडायचं पाणी सुटलं, त्यानं ते शेवटच्या झाडापर्यंत पोचल्याशिवाय स्वतः पाणी प्यायचं नाही. झाडांना इतके दिवस तहानलेलं ठेवलं ते आपल्या फायद्यासाठी, मग एक सकाळ आपणही तहान काढावी, असं आजोबांनी त्यांना सांगितलेलं. बाबा विहिरीपाशी मोटार सुरू करून दांडाची, म्हणजे पाटाची, तोंडं फिरवत राहायचे, आणि मला बांधाकडच्या शेवटच्या झाडापाशी उभं करायचे. बाभळीला लागून होतं ते झाड. माझं काम एवढंच की पाणी पोचलं की हाक द्यायची. पण नुसतं लांबून पाणी येताना दिसलं म्हणून ओरडायचं नाही. अनवाणी उभं राहायचं, आणि तळपाय भिजले की मगच "पोचलं" म्हणायचं. एकदा घाई करून मी आधीच ओरडले, तर बाबांनी मला जवळ बोलावलं, खाली वाकून पायाला हात लावून पाहिला, आणि पाय कोरडे निघाल्यावर परत जाऊन उभं राहायला लावलं. रागावले नाहीत, पण तोंडापाशी नेलेला तांब्या त्यांनी खाली ठेवला. तेव्हापासून हाक ऐकल्यावरही ते थांबायचे. मी धावत यायचे, ते पाय चाचपायचे, मग पाणी प्यायचे. तांब्याच्या तळाशी दोन घोट माझ्यासाठी राहू द्यायचे.

तेव्हा आंबिया बहार धरायचे. म्हणजे ताण हिवाळ्यात, आणि तिथून पुढे सगळा उन्हाळाभर विहिरीचं पाणी. विहीर ते द्यायची. मोटार दिवसभर चालली तरी पाणी दोन पायऱ्या खाली जायचं आणि सकाळपर्यंत परत वर यायचं. मला वाटायचं विहीर अशीच असते.

मग आजूबाजूला बोअर होत गेले. एकानं केला म्हणून दुसऱ्यानं, दुसऱ्याचा आटला म्हणून पहिल्यानं अजून खोल. कुणाला दोष द्यावा? बाग ज्याच्या दारात सुकते त्याला दुसऱ्याच्या विहिरीचा विचार सुचत नाही. पाऊसही बदलला. पूर्वी तो रिमझिम पडत राहायचा, जमिनीत मुरायचा. आता नुसती उघडीप, आणि मग एका दुपारी सगळा हिशेब चुकता केल्यासारखा कोसळून नाल्यावाटे निघून जायचा. विहिरीच्या पायऱ्या एकेक करून उघड्या पडत गेल्या. उन्हाळ्यात पाणी पुरेना, तेव्हा बाबांनी आंबिया सोडला आणि मृग धरायला लागले. म्हणजे ताण भर उन्हाळ्यात द्यायचा आणि तो तोडायचं काम पावसावर सोपवायचं. तेवढंच विहिरीचं ओझं कमी. हा त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. पाऊस वेळेवर आला असता तर तो चुकीचा ठरला नसता.

एका वर्षी मृग कोरडा गेला. झाडं ताणावर उभी. बाबा रोज बागेत फिरायचे, पानं हातात घेऊन बघायचे आणि आज-उद्या म्हणत राहायचे. विहिरीत तळाला डबकं उरलं होतं, ते सोडावं का राखावं यावर घरात रोज वाद. मग एका दुपारी आभाळ फुटल्यासारखा पाऊस आला, तासाभरात बांध फोडून, माती घेऊन गेला. तेवढ्यावर झाडं फसली. पावसाळा लागला असं वाटून एकदम फुलून आली. मी तेव्हा माहेरी होते. अख्खं गाव फुलांच्या वासानं भरलं होतं, आणि ओसरीत बसलेले बाबा तो वास घेऊन रडवेले झाले होते, कारण आभाळ पुन्हा स्वच्छ झालं होतं. ताण तुटलेल्या झाडाला पुढचं पाणी नाही मिळालं तर ते फूल टाकतं, फळ टाकतं, आणि मग स्वतःच वाळून जातं. थांबायला वेळच नव्हता.

भाऊ म्हणाला, शेताच्या दुसऱ्या कोपऱ्यात बोअर घेऊ. बाबा तयार होईनात. इतक्या वर्षांची विहीर असताना दुसरीकडं काऊन खड्डे पाडता, म्हणाले. त्यांना विहिरीला सोडून जायचं नव्हतं. मग कुणीतरी सुचवलं की विहिरीच्याच तळाला उभा बोअर मारा. खालचं पाणी वर येईल, विहिरीत साठेल, मोटारही तीच राहील. बाबांना हे एकदम पटलं. आम्हाला सगळ्यांनाच पटलं. विहीरही राहते आणि पाणीही मिळतं, यापेक्षा चांगलं काय?

मशीन विहिरीत उतरवलं. आईनं काठावर हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. आधी ओला चिखल वर आला, मग कडक थर लागला, मग तो फुटला आणि आत नुसती कोरडी रेती. माणसं मशीन घेऊन वर आली आणि म्हणाली, थोडा वेळ थांबा, पाणी फुटेल. आम्ही काठावर वाकून पाहत राहिलो. पहिल्यांदा आईच्या लक्षात आलं. तळाचं डबकं त्या भोकाभोवती हळूहळू फिरायला लागलं होतं. ती म्हणाली, पाणी वर नाही येऊन राह्यलं, खाली जाऊन राह्यलं. आम्ही तिला गप्प बसवलं. दिवस मावळेपर्यंत विहिरीचा तळ उघडा पडला. चिखलात आईची तांब्याची कळशी दिसली, ती माझ्या जन्माच्याही आधी दोर तुटून पडलेली होती. कुणीही ती काढायला उतरलं नाही.

खालचा थर शेजारपाजारच्या बोअरांनी आधीच रिता करून ठेवलेला होता. वरचं पाणी ज्या कडक थरानं इतकी वर्षं धरून ठेवलं होतं, त्याला आम्ही आमच्या हातानं भोक पाडलं. नंतर काळ्या मातीची पोती कोंबून पाहिली, दगड टाकले, सिमेंट ओतलं. काही टिकलं नाही. त्या पावसाळ्यात बाग गेली. पुढच्या वर्षी भावानं ती तोडली, तेव्हा बाबा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होते. कुऱ्हाडीचे घाव तिथपर्यंत ऐकू येत होते.

तेव्हापासून त्या विहिरीला आवाज लागला. मोठा पाऊस झाला की चारी बाजूंनी पाणी विहिरीत उतरतं, आणि तळाच्या भोकातून खाली जाताना घोट घेतल्यासारखा आवाज करतं. मोठे, सावकाश घोट. मधेच थांबतो, आता पोट भरलं असं वाटतं, आणि परत सुरू होतो. गावातले काही लोक विहिरीला बाधा झाली म्हणायचे आणि त्या वाटेनं जायचे नाहीत. मी त्यांना हसायचे. मग एका पोळ्याला माहेरी असताना सकाळच्या पावसात एकटी तिथं गेले आणि तो आवाज ऐकला. मी काठावर उभी होते आणि पायांखाली, फार खोल, कुणीतरी पीत होतं. हसणं बंद झालं. पाऊस जमिनीत जातो म्हणजे चांगलंच आहे की, असं स्वतःला सांगून पाहिलं, पण मग मी पळत घरी आले, आणि अजूनही मोरीत पाणी ओतताना तसा आवाज झाला की माझ्या अंगावर काटा येतो.

बाबा मात्र जायचे. पाऊस झाला की काठावर बसून ऐकत राहायचे. आईनं ओढून आणलं तरी परत जायचे. मग त्यांना विसर पडत गेला. आधी माणसांची नावं गेली, मग वार गेले, मग बाग तोडल्याचं गेलं. बाग मात्र गेली नाही. ते संध्याकाळी विचारायचे, पानं वळले का? आई म्हणायची, वळून राह्यले. मग ते शांत झोपायचे. हे ती रोज करत होती, आणि आम्हाला कुणाला तिनं कधी सांगितलं नव्हतं.

त्या शेवटच्या उन्हाळ्यात त्यांच्या मनात ताण संपत आला असावा. आता पाणी सोडायची वेळ झाली, आणि पाणी सुटेना. म्हणून त्यांनी आपलं पाणी बंद केलं.

हे मला कळलं तरी मी ऐकायला तयार नव्हते. मी सलाईन लावायला घेतलं. शीर सापडता सापडेना, नाकी नऊ आले, आणि कशीबशी सुई बसली तर त्यांनी ती उपटून फेकली. भावानं हात धरून ठेवले, तर त्यांच्या घशातून असा काही आवाज आला की त्यानं आपणहून सोडून दिले. गावातला डॉक्टर येऊन म्हणाला की यांना मोठ्या दवाखान्यात हलवा, उद्यापर्यंत थांबू नका. बाबा म्हणाले, झाडं ताणावर टाकून मी कुठंच येत नाई. दवाखान्यात अशा माणसांचे हात पलंगाला बांधतात. मी स्वतः बांधले आहेत, कापसाची घडी आत ठेवून, हळू, पण बांधले आहेत. बापाचे हात बांधायचे की त्याला तहानेनं मरू द्यायचं, एवढंच माझ्यापुढं उरलं होतं. मी आईवर ओरडले की तूच त्यांच्या हो ला हो करून हे वाढवून ठेवलंस.

आईनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्याइले शेवटच्या झाडापाशी पाणी पोचलेलं पाह्यजे. बाकी काई नाई."

पोचवायचं कुठून? विहीर कोरडी, नळाला आठवडा उलटला तरी पाणी नव्हतं, आणि टँकरचं पाणी मोरीजवळच्या ड्रममध्ये होतं. त्यावर घरातली सगळी माणसं आणि म्हैस. तो ड्रम म्हणजे वहिनीचं राज्य. जास्तीचा तांब्या घेतला तर ती मलासुद्धा सोडत नसे, आणि तिचं बरोबरच होतं. मी तिच्याकडे पाहायचंही टाळलं. तीच उठली, ड्रमवर बांधलेलं जुन्या लुगड्याचं फडकं सोडलं, आणि भावाला म्हणाली की शेजारची बैलबंडी जुंपा. म्हशीचं काय, असं भावानं विचारलं. ती म्हणाली, म्हशीचं मी बघते.

शेत गावाला लागूनच आहे. दिवस कलला तेव्हा बाबांना बंडीतच ड्रमशेजारी बसवून नेलं. विहिरीपाशी उतरल्यावर त्यांनी हातानं काठावरच्या धक्क्याचा दगड चाचपला आणि आपल्या जागेवर बसले. समोर नांगरलेलं मोकळं रान होतं. त्यांना तिथं काय दिसत होतं कुणास ठाऊक. त्यांनी मान वर करून श्वास घेतला आणि म्हणाले, लय वाळले बापा.

सिमेंटचा दांड विहिरीपाशी थोडासा उरला होता, पुढं भावानं फावड्यानं मातीत एक रेघ ओढली. मोटार केव्हाच काढून नेलेली. भावानं मोटारीच्या मोडक्या खोलीमागं जाऊन पेट्रोलवर चालणारा फवारणीचा पंप सुरू केला. फट फट आवाज झाला. मला वाटलं बाबांना कळेल, ही आपली मोटार नाही. पण त्यांनी पाठ ताठ केली. वहिनी बादलीनं दांडात पाणी ओतायला लागली. पाणी दांडातून वाजत निघालं, आणि तो आवाज ऐकून बाबांनी कान तिकडं वळवला. आई भरलेला तांब्या घेऊन त्यांच्याजवळ बसली. त्यांनी तो बाजूला सारला.

"पोरगी उभी हाये का तिकडं?" त्यांनी विचारलं.

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी चपला काढल्या, पिशवी खांद्याला तशीच होती, आणि ढेकळं तुडवत चालायला लागले. जमीन भाजत होती. बाभूळ अजून आहे, तिच्यावरून शेवटचं झाड कुठं होतं ते मला कळलं. तिथं खोडाचा खुंटही राहिलेला नाही. तरी मी नेमकी त्या जागेवर जाऊन उभी राहिले, कारण पायांना ती जागा माहीत होती.

तिथून सगळं दिसत होतं. पाणी रेघेतून येत होतं आणि माती ते येता येता पीत होती. अर्ध्या वाटेपर्यंत आलं, तिथून जरा पुढं सरकलं, आणि वहिनीनं बादली तळाला खरवडल्याचा आवाज आला. ड्रम संपला होता. पाण्याचं टोक मातीत हळूहळू काळं झालं आणि थांबलं. माझ्यापासून ते फार लांब होतं.

विहिरीपाशी सगळे माझ्याकडं तोंड करून थांबले होते. ओरडायचं तेवढं बाकी होतं, आणि मला ओरडता येईना. मी दवाखान्यात रोज खोटं बोलते. बरं वाटेल म्हणते, उद्या घरी जाल म्हणते, जीभ अडखळत नाही. पण तिथं कोरड्या पायांनी तोंडातून शब्द निघेना. मला माहीत होतं की ते पाय पाहतील. सगळं विसरलेला माणूस एवढं विसरला नसेल, अशी मला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर आशाही तीच होती.

मग पिशवीतली स्टँडवरची बाटली आठवली. अर्धी उरली होती. मी ती दोन्ही पायांवर रिकामी केली, आणि पाय त्याच मातीत दाबले. पाणी कोमट होतं. तळव्याला चिखल लागला.

"पोचलं," मी हाक दिली.

पंप बंद झाला. बाबांनी हाक ऐकली, मान हलवली, पण तांब्या घेतला नाही. मी चालत परत आले. त्यांच्यासमोर उभी राहिले तेव्हा ते हळूहळू खाली वाकले. बापानं लेकीच्या पायाला हात लावू नये म्हणतात. नकळत मी पाय मागं घेतला, मग परत पुढं केला. त्यांनी एक तळवा चाचपला, मग दुसरा. बोटांना लागलेला चिखल अंगठ्यानं चोळून पाहिला आणि नाकापाशी नेला.

मग त्यांनी तांब्या मागितला. आईनं तो त्यांच्या हातात दिला आणि आपला हात खाली धरून ठेवला. मी नर्स आहे, एकदम इतकं पिऊ नये हे मला कळतं, हळू प्या म्हणायला हवं होतं.  घोट घशातून उतरतानाचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. वहिनी रिकामी बादली धरून रडत होती.

तळाशी दोन घोट उरले तेव्हा ते थांबले. तांब्या त्यांनी माझ्या दिशेनं पुढं केला.

"पे," ते म्हणाले. "आता समद्याइले भेटलं."

मी ते पाणी प्यायले. त्याला टँकरच्या गंजाचा वास येत होता.